काळवीट तारेला लागून मेल्यास पंचनामा कसा करावा

मराठवाड्यात रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांसाठी बांधावर सोडलेल्या विजेच्या तारेला काळवीटही बळी पडते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मधील या प्राण्याच्या शिकारीस किमान 3 व कमाल 7 वर्षे कैद आहे. मात्र गुन्हा शाबीत होणे न होणे बऱ्याच अंशी घटनास्थळी प्रथम पोहोचणाऱ्या वनरक्षकावर अवलंबून असते.

जनावराला वा तारेला हात लावण्यापूर्वी महावितरणच्या कर्मचाऱ्याकडून वीजप्रवाह बंद करून घ्यावा. तो येईपर्यंत तार कोणत्या खांबावरून अथवा मोटारीच्या पेटीतून आणली आहे, याची छायाचित्रे दुरूनच घ्यावीत, कारण वीजवाहिनीवर टाकलेला आकडा एकदा निघाला की त्या तारेत वीज होती हे दाखवणे फार अवघड जाते. दरम्यान वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवावे.

पंच शेतमालकाचे भाऊबंद नसावेत आणि त्याच्याशी बांधाचा वाद असलेलेही नसावेत. पंचनामा शेतातच लिहावा. त्यात वेळ, गट क्रमांक, चतुःसीमा, शिंगांची लांबी, भाजल्याची खूण नेमकी कोठे आहे आणि तार जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे मोजून नोंदवावे. पाणी दिलेल्या काळ्या रानात चपलेचा ठसा स्वच्छ उमटतो, पण माती वाळून भेगाळली की तो फाटतो. म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवून वरून सरळ छायाचित्र घ्यावे आणि लगेच प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यावा.

शवविच्छेदन पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून करून घ्यावे. डीएनए तपासणीचा मांसाचा नमुना फॉर्मेलिनमध्ये कधीही ठेवू नये, त्याने डीएनए खराब होतो. शुद्ध अल्कोहोल वापरावे किंवा नमुना गोठवावा. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याच्या परिसरात मोर मेलेला आढळल्यास अन्नपिशवीतील दाणेही विषाच्या तपासणीसाठी वेगळे ठेवावेत. प्रत्येक नमुना पंचांसमक्ष लाखेने सीलबंद करून चिठ्ठीवर त्यांच्या सह्या घ्याव्यात.

अटक झाल्यास आरोपीला 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. साक्षीदारांचे जबाब सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकृत अधिकाऱ्याने कलम 50(8) खाली आरोपीच्या समक्ष नोंदवल्यास ते पुढे न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य ठरतात. कलम 55 नुसार न्यायालय अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून खटल्याची दखल घेते, तेव्हा मूळ पंचनामा, जप्तीची यादी आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे कधी गेला याची नोंद त्या तक्रारीला जोडावी.