पेन्शन आलेला फौजी गप्प झाला तर: विचारायचं कसं, न्यायचं कुठं

आमच्या सातारा भागात शिपाई असो नाहीतर सुभेदार, पेन्शन आला की गाव त्याला ‘मेजर’च म्हणतं. मीही मेजर. खरं तर हवालदार, आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट. २४ वर्षं नोकरी, त्यातली अडीच काश्मीरच्या कुपवाड्यात, राष्ट्रीय रायफल्सच्या (आरआर) एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या छोट्या दवाखान्यात. आता माजी सैनिकांचे ईसीएचएसचे (त्यांच्या सरकारी आरोग्य योजनेचे) आणि पेन्शनचे कागद लावून देतो. त्या निमित्तानं कुणाची तरी बायको येते, कार्डाचं काम झाल्यावरही उठत नाही, फाईल पिशवीत घालत घालत हळूच म्हणते, “मेजर, आमचे हे बोलतच नाहीत हो.”

हे तिच्यासाठी लिहितोय. त्याच्या भावासाठी आणि पलटणीतल्या बडीसाठी, म्हणजे जोडीदार दोस्तासाठीसुद्धा. मी डॉक्टर नाही. डॉक्टरपर्यंत माणूस कसा पोचवायचा, एवढंच मला येतं.

तो आपणहून का सांगत नाही, ते आधी समजून घ्या, नाहीतर तुम्ही चिडाल. फौजेत तब्येत मोजायची पाच अक्षरं आहेत: शेप. त्यातला पहिला एस मनाचा. एस-वन म्हणजे गडी ठीक. त्याच्या खाली गेला की लो मेडिकल कॅटेगरी. मग प्रमोशन अडकतं, पोस्टिंग बदलतं, हत्याराची ड्युटी जाते आणि लंगरपर्यंत चर्चा होते. त्यामुळं पाय मुरगळला तर जवान सिक रिपोर्टला येतो, महिनाभर झोप नाही म्हणून येत नाही. माझ्यासमोर कितीतरी जण ‘पाठ दुखतीय’ म्हणून बसले आणि पाठीला हात लावला तर तिथं काहीच नव्हतं. वीस वर्षं ज्यानं हे लपवायची सवय लावून घेतली, तो पेन्शनच्या दुसऱ्या दिवशी बायकोपुढं मन मोकळं करेल कसा?

म्हणून त्याला पहिलं वाक्य हे सांगा: “आता कॅटेगरी नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरकडं गेलात म्हणून पेन्शनचा एक रुपया कमी होत नाही.” हसू नका, सुशिक्षित जेसीओंनाही (सुभेदार वगैरेंनाही) ही भीती असते.

दुसरी गोष्ट वयाची. शिपाई घरी येतो तेव्हा पस्तीस-चाळीसचा असतो. घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. पोरं पैसे आईकडं मागतात, बांधाचा वाद भावानं मिटवलेला असतो. हा पहाटे साडेचारला उठून बसतो आणि फॉलिनला (हजेरीच्या रांगेला) कुणी नसतं. मग बँकेच्या दारात नाहीतर एटीएमवर बारा तास रात्रपाळी. कधीकाळी सेक्शन सांभाळलेला माणूस कुणाच्या तरी गाडीला गेट उघडतो. लढाईच्या आठवणींनीच माणूस खचतो असं नाही. मला भेटलेल्यांत निम्म्यांचं दुखणं या घरी येण्याचंच होतं.

काय बघायचं

चिडचिड, जागरण, कँटीनची रम पेगाऐवजी क्वार्टरनं मोजली जाणं, हे सगळ्यांनाच दिसतं. फौजीची काही लक्षणं मात्र वेगळी असतात. हॉटेलात दाराकडं तोंड करूनच बसणं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नेमकं काम काढून रानात निघून जाणं. बायकोनं झोपेत हात लावला तर झटक्यात मनगट धरणं. अशा माणसाला उठवायचं असेल तर पायाशी उभं राहून नावानं हाक मारा, अंगाला हात लावू नका. ही पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या मनाच्या आजाराची लक्षणं असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत, गोळ्यांचे आणि बोलण्याचेही.

खरी धोक्याची लक्षणं बऱ्याचदा शांत असतात. ‘माझा आता उपयोग काय’, ‘तुमच्यावर भार झालोय’ अशी वाक्यं. महिनोन् महिने तळमळणारा माणूस एका दिवसात एकदम निवांत होणं. आणि कागद. फौजी कागदाच्या बाबतीत टापटीप असतोच. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी तो पेटी उघडून बायकोला पीपीओ (पेन्शनचा हुकूम) दाखवत असेल तर त्यात काही नाही. पण भर जूनमध्ये, कुणी विचारलं नसताना, पीपीओ कुठं आहे, पासबुक कुठं आहे, पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलचा पासवर्ड काय, हे समजावून सांगायला लागला, मेडल पुतण्याला देऊन टाकली, तर त्याच दिवशी विचारा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

कसं विचारायचं

शेजारच्या गावातल्या एका नायकाची (नायक हा फौजेतला हुद्दा) बायको माझ्याकडं आली ती या जूनच्या कागदांवरूनच. तोफखान्यातला गडी. मी घरी जाऊन चहा घेत बसलो असतो तर तो ‘एकदम बढिया’ म्हणाला असता आणि विषय संपला असता. मी म्हटलं, चल, तुझ्या उसाला पाणी दाखव. फौजीला समोरासमोर बसवून विचारलं की त्याला ती कोर्ट ऑफ एन्क्वायरी वाटते. शेजारी चालत, हाताला काम असताना विचारा. दारू प्यायलेला असेल तेव्हा नको, पोरांसमोर नको.

आधी जे दिसलं ते सांगायचं. “तू पंधरा दिवस झोपला नाहीस, वहिनींना कागद दाखवलेस.” मग सरळ प्रश्न: “मरून जावं असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?” शब्द गिळू नका. ‘काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?’ असं विचारलं की समोरच्याला कळतं, तुम्हाला ‘नाही’ हेच ऐकायचंय, आणि तो तेच देतो. विचारल्यानं डोक्यात विचार पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. एमआय रूममध्ये मी घाबरत घाबरत पहिल्यांदा विचारलं होतं, तेव्हा समोरच्या पोरानं इतका मोठा श्वास सोडला की तो मला अजून आठवतो.

नायकानं सरीचं तोंड बांधलं, दुसरं फोडलं, मग म्हणाला, “रोज.”

त्यानंतर गप्प बसता आलं पाहिजे. मला ते जमत नाही, बायकोला विचारा. तरी त्या दिवशी बसलो. मग पुढचं विचारलं: कधीपासून, कसं करायचं ते ठरवलंय का, त्यासाठी काही जवळ ठेवलंय का, कधी करायचं असं मनात आहे. यातल्या शेवटच्या तिन्हींना ‘हो’ आलं तर त्याला एकट्याला क्षणभरही सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘कुणाला सांगू नका’ असं तो म्हणेल. तसं वचन देऊ नका. म्हणा, “गावात नाही सांगणार. डॉक्टरला आपण दोघं मिळून सांगू.”

‘फौजी असून रडतोस?’ हे तर कुणीच म्हणू नये. पण ‘तुला काय कमी आहे, पेन्शन आहे, कँटीन आहे’ हेही नको. ते तो स्वतःला रोज ऐकवतोच आणि त्यानं त्याची शरम वाढते.

तुमच्याशी बोलेना, तर त्याचा बडी शोधा. ज्याच्याबरोबर त्यानं पोस्टवर रात्री काढल्या, त्याचा नंबर फोनमध्ये असतोच. नायकाचा बडी हरियाणाचा. वहिनींनी मोडक्या हिंदीत त्याला फोन केला, त्यानं रात्री याला अर्धा तास शिव्या घातल्या आणि दोघंही रडले. दुसऱ्या दिवशी गडी माझ्या मोटरसायकलवर बसला.

हत्यार कोतमध्ये

सगळ्यात तातडीचं काम हे. जीव द्यायच्या विचाराचा जोर पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी साधन नसेल तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. बँकेच्या गार्डच्या नोकरीसाठी पुष्कळ माजी सैनिकांनी बारा बोअरचं लायसन्स काढलेलं असतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करतो तशी ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडं जमा ठेवता येते, पावती मिळते. हिसकावून घेऊ नका आणि घरच्यांनी परस्पर उचलूनही नेऊ नका, लायसन्स त्याच्या नावावर आहे. मी म्हटलं, “हत्यार थोडे दिवस कोतमध्ये जमा करू.” कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली, हा शब्द त्याला कळतो. ड्युटीवरून आलं की हत्यार कोतमध्येच जातं, त्यात अपमान नसतो. तयार नसेल तर ठाण्यात फोन करून विचारा.

फवारणीची औषधं भावकीतल्या कुणाच्या तरी कुलपात. घरातल्या गोळ्या बायकोच्या ताब्यात, एका वेळी एका दिवसाच्याच बाहेर. दारूही घरात नको. पण रोज भरपूर पिणाऱ्याची एका दिवसात तोडू नका. हात थरथरणं, भास, फिट, यातून जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सुटते.

कुठं न्यायचं

रात्रीचे दोन वाजलेत आणि काय करावं सुचत नाही, तर १४४१६. टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) सुरू झाला, म्हणून फोनवर आधी ‘माजी सैनिकाच्या घरून बोलतोय’ असं सांगा. बायकोनं केला तरी चालतो. जीव धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२.

एरवी ईसीएचएस. कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकला जायचं, मेडिकल ऑफिसरला भेटायचं, तो मिलिटरी हॉस्पिटलच्या नाहीतर पॅनेलवरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडं रेफरल देतो. ऑफिसरपुढं ‘झोप येत नाही’ एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी मिळेल आणि घरी याल. पूर्ण वाक्य बोला: “मरायचे विचार येतात, सायकियाट्रिस्टचं रेफरल द्या.” त्याला बोलणं जमणार नसेल तर तुम्ही बोला, नाहीतर चिठ्ठीवर लिहून द्या. एका ठिकाणी रांगेत कारकुनानं मोठ्यानं विचारलं होतं, “मेंटलवाले कोण?” आमचा गडी तिथूनच मागं फिरला आणि त्याला परत आणायला मला तीन महिने लागले. तेव्हापासून मी आधी एकटा आत जाऊन सांगून येतो.

तातडीची वेळ असेल तर रेफरलची वाट बघू नका, थेट दवाखान्यात न्या. पॅनेलबाहेरचं हॉस्पिटल असेल तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा, बिलाचं पुढं सोपं जातं. मधेच नोकरी सोडून पेन्शनविना आलेल्यांना ईसीएचएस नसतं. चार वर्षं भरून घरी येणाऱ्या अग्निवीरांनाही नाही. त्यांनी जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग गाठावा.

कुणी आधीच प्रयत्न केलेला असेल तर घरचे पोलिसांना भिऊन दवाखाना टाळतात. हॉस्पिटल पोलिसांना कळवेल, जबाब होईल, हे खरं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. केसच्या भीतीनं उशीर करू नका.

कुणी देवऋष्याकडं न्या म्हणेल. मी भांडत नाही. अंगारा लावा, पण गाडी पुढं दवाखान्यात न्या.

गोळ्या सुरू झाल्यावर

उदासीच्या गोळ्या लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत अंगात तरतरी आधी येते, मन मागून सावरतं. म्हणून या दिवसांत, आणि हॉस्पिटलमधून घरी आल्यावरच्या पहिल्या महिन्यात, पहारा सैल करू नका. बरं वाटलं म्हणून गोळी आपली आपण बंद करायची नाही. औषधं संपायच्या आठ दिवस आधी पॉलिक्लिनिकची खेप ठरवा.

नायकानं आणि मी कँटीनच्या बिलामागं एक कागद लिहिला. वर त्याची स्वतःची लक्षणं: दाढी राहिली, फोन बंद, रानात जास्त वेळ. खाली कारवाई, एकापाठोपाठ एक. आधी आंघोळ करून बाहेर पडायचं, मग बडीला फोन, मग मला, मग १४४१६. त्यानं त्याला ‘स्टँड-टू’, म्हणजे हल्ल्यासाठी सज्ज राहणं, असं नाव दिलं. त्याचा वाईट वेळ पहाटे तीन ते पाच. त्या वेळेला वहिनी उठून चहा ठेवतात, काही बोलत नाहीत. कागद दोघांच्या पाकिटात आहे. त्यांनाही विचारत जा, वहिनींना. पहारा देणारं माणूसही थकतं, बहिणीला किंवा जावेला पाळीत घ्या.

एक राहिलं. तारखा. पलटणीतलं कोण कधी गेलं, ते फौजी विसरत नाही आणि सांगतही नाही. चांगला मूड असताना विचारून घ्या आणि कॅलेंडरवर खूण करा. आमच्या कालनिर्णयावर दरवर्षी दोन गोल असतात, एक फेब्रुवारीत, एक ऑगस्टमध्ये. ते माझे आहेत. त्या दिवशी बायको काहीतरी निमित्त काढून माझ्याबरोबर रानात येते.