पिकावरची बुरशी ओळखायला निघण्यापूर्वी

वेळ सकाळची ठरवा. ज्वारी-बाजरीच्या केवडा रोगाची पांढुरकी वाढ पानाखाली दवातच नीट दिसते. ऊन चढलं की ती सुकते आणि नुसता पिवळेपणा उरतो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग, धारदार सुरी, खुरपं, पांढरा रुमाल, कागदी पिशव्या, पेन्सिल, स्वच्छ पाणी आणि काचेचा पेला बरोबर घ्या. पिशव्या प्लॅस्टिकच्या नकोत, कारण आत घाम सुटून पानावर भलत्याच बुरशा वाढतात आणि मूळ रोग झाकला जातो. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, शाई ओलाव्यात पसरते. पिकाची जात, पेरणीची तारीख, शेवटची फवारणी आणि खतं शेतकऱ्याला आधीच विचारा. नत्र कमी पडलं की खालची पानं टोकाकडून पिवळी होतात, तो रोग नव्हे.

रुमालाचं काम गव्हात. डागावरून फिरवल्यावर गंजासारखी पूड लागली तर तांबेरा समजा. पूड शिरांना समांतर ओळींत असेल तर पिवळा, पानभर विखुरलेल्या गोल पुटकुळ्यांत असेल तर नारिंगी, आणि खोडावर लांबट, कडेची साल फाटलेली असेल तर काळा. मात्र रोपावस्थेत पिवळ्याच्या ओळी तयार होत नाहीत. नवख्याची चूक बहुधा इथेच होते. पांढरी पूड बोटाने पुसली गेली तर ती भुरी.

भाताच्या करप्याचा डाग दोन्ही टोकांना निमुळता, मधे राखाडी. तपकिरी ठिपक्याचा डाग लंबगोल, तिळाएवढा. पेला जिवाणूजन्य करप्यासाठी आहे. डागाच्या कडेचा तुकडा कापून पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत दुधट धार सुटली तर रोग जिवाणूचा, तिथे बुरशीनाशकाचा खर्च वाया जातो.

शेतात नागमोडी चाला, पाच ठिकाणी वीस-वीस झाडं पाहा. नुसती बांधाकडेची झाडं मोजू नका. निरोगी शेत आधी, रोगट शेवटी, नाहीतर बीजाणू कपड्यांवरून पुढे जातात. नमुना डागाच्या कडेचा, निम्मा हिरवा भाग असलेला घ्या, पूर्ण वाळलेला नको. मर रोग, म्हणजे रोप कोमेजून वाळणं, असेल तर रोप मुळासकट खणा, उपटलं की मुळं तुटतात.

शंका उरली तर पान ओल्या टिपकागदावर झाकलेल्या डबीत एक-दोन दिवस ठेवा आणि डागावर आलेली वाढ भिंगाखाली पाहा.