मेथडिस्ट पाळक व्हायचंय? आधी बदलीबद्दल बोलू

देवाने सेवेला बोलावलंय, म्हणजे पाचारण झालंय, असं वाटणारे तरुण माझ्याकडे येतात, ते बहुधा उपदेशाबद्दल विचारायला. मी आधी बदलीचा विषय काढतो. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या पाळकाला, म्हणजे धर्मसेवकाला, मंडळी (स्थानिक चर्चचे सभासद) सहसा स्वतः निवडून आणत नाही, त्याला पाठवलं जातं. जिथे बिशपपद आहे तिथे बिशप नेमणूक करतात, इतरत्र परिषद, म्हणजे चर्चची निर्णय घेणारी सभा, करते. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली स्वतः घोड्यावरून गावोगाव फिरत राहिले आणि आपल्या उपदेशकांनाही त्यांनी फिरतंच ठेवलं. ती रीत आजही आमच्या अंगात आहे.

इथवर पोचायचा रस्ता लांब आहे. आधी स्थानिक उपदेशक म्हणून सेवा, मग सेमिनरी (धर्मशिक्षणाचं महाविद्यालय), परिवीक्षा म्हणजे उमेदवारीचा काळ आणि शेवटी दीक्षा. नियम प्रत्येक परिषदेचे वेगळे असतात, ते आपल्या अधीक्षकांकडून समजून घ्या.

पहिल्या नेमणुकीत मी सगळं स्वतः केलं. शास्त्राभ्यास मीच घ्यायचो, आजाऱ्यांकडे मीच जायचो, उपासनेतल्या प्रार्थनाही मीच करायचो. लोक खूश होते आणि मला ती सेवा वाटत होती. बदली झाल्यावर काही महिन्यांनी तिथल्या एका आजींचा फोन आला. म्हणाल्या, "पाळकसाहेब, सुरुवातीची प्रार्थना कोण करणार म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो. आता जमतच नाही कुणी." त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्या लोकांवर प्रेम केलं होतं, पण त्यांच्या हातात काहीच दिलं नव्हतं.

तेव्हा मी वेस्लींच्या 'क्लास'चा, म्हणजे सभासदांच्या छोट्या गटांचा, इतिहास पुन्हा वाचला. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट सभागृहावर कर्ज होतं. ते फेडायला प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी, असं ठरलं. पैसे मागायला घरोघर जाणाऱ्यांना माणसांची खरी परिस्थिती दिसू लागली, कोण खचलंय, कोण घसरलंय ते कळू लागलं. वर्गणीची ती व्यवस्था हळूहळू आत्म्यांची काळजी घेणारी व्यवस्था झाली. ती वाहणारे बहुतेक जण दीक्षित नव्हते, साधे सभासद होते.

पुढच्या मंडळीत मी असे छोटे गट सुरू केले. घरभेटीला एकटं जाणं सोडलं, दर वेळी एक सभासद सोबत. सुरुवातीला ते नुसते शेजारी बसायचे. वर्षभराने त्यांतले काही जण माझ्याआधी दवाखान्यात पोचलेले असायचे.

मेथडिस्ट शिकवणीतली 'आधी येणारी कृपा' मला पुस्तकात कळली नव्हती, ती अशा खाटांपाशी कळली. दारावर टकटक करण्याआधीच देव त्या खोलीत काम करत असतो. एका माणसाने मरण्यापूर्वी वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या भावाला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा दोघे हात धरून बसले होते. मी फक्त प्रभुभोजन दिलं. म्हणून नव्यांना सांगतो, अशा खोलीत गेल्यावर आधी ऐका, शास्त्रवचन नंतर उघडा. तिथे कानावर पडलेलं उपदेशात मात्र कधीही येता कामा नये, नाव गाळूनसुद्धा नाही.

घरच्यांशी आजच बोला. बदलीबरोबर मुलांची शाळा सुटते, जोडीदाराची नोकरी अडचणीत येते, आणि पाळकनिवास कितीही सजवला तरी आपला नसतो. मानधनातून शिल्लक फारशी पडत नाही. आठवड्याचा एक दिवस कुटुंबाचा ठेवा आणि मंडळीला तो स्पष्ट सांगा. मी हे फार उशिरा केलं, त्याची किंमत माझ्या मुलांनी मोजली.

गेल्या नेमणुकीतून निघायच्या आठवड्यात मी शास्त्राभ्यासाला मागच्या बाकावर बसलो होतो. गटाच्या पुढारी बाईंनी प्रार्थना सुरू केली. आजाऱ्यांची नावं घेता घेता त्यांनी दोन अशी नावं घेतली, जी मला माहीतच नव्हती.