ट्रेलर घेतलात? आधी खालच्या टाक्या समजून घ्या

अमेरिकेत येऊन दोन-तीन वर्षं झाली, नोकरी स्थिरावली, गाडी आली, की आपल्यातल्या पुष्कळ जणांना छोटा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यावासा वाटतो. घ्याच, मुलं लहान असतील तर नक्की घ्या. पण घेताना सगळे मला विचारतात की हिच (म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायचा सांधा) कुठली, ब्रेक कंट्रोलर कुठला, सोलर लागेल का, आणि पहिल्या ट्रिपहून परत आले की फोन येतो तो टाक्यांबद्दल. वास येतोय, टाक्यांची पातळी दाखवणारं पॅनल फुल दाखवतंय, शॉवरमध्ये घाण पाणी वर आलंय. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय, आम्ही इतकी वर्षं ट्रेलर ओढतोय त्यात जे शिकलो ते सगळं.

ट्रेलरच्या पोटाखाली तीन टाक्या असतात. एक फ्रेश, म्हणजे स्वच्छ पाण्याची. दुसरी ग्रे, तिच्यात किचनच्या सिंकचं, बेसिनचं आणि आंघोळीचं पाणी जातं. तिसरी ब्लॅक, ती फक्त टॉयलेटची. १६ ते २० फुटी ट्रेलरला ग्रे आणि ब्लॅक साधारण २५-३० गॅलनच्या असतात, काहींना त्याहूनही लहान, तुमच्या मॅन्युअलमध्ये नेमका आकडा असतो तो बघा आणि पाठ करून ठेवा. ३० गॅलन म्हणजे जेमतेम ११३ लिटर. आता हिशेब करा, इथे घरच्या शॉवरला मिनिटाला जास्तीत जास्त २.५ गॅलनची मर्यादा आहे, तेवढ्या धारेखाली १२ मिनिटं उभं राहिलं की ३० गॅलन झाले. एका माणसाची एक आंघोळ आणि टाकी भरली! ट्रेलरचा शॉवर घरच्यापेक्षा कमी पाणी सोडतो हे खरं, पण चौघांचं कुटुंब असेल तर फरक फक्त एका दिवसाचा पडतो.

म्हणजे छोट्या ट्रेलरमध्ये आधी भरते ती ग्रे, आणि सगळे घाबरतात ते ब्लॅकला.

ग्रे भरली हे कसं कळतं तर पॅनलवरून नाही, पायाखालून कळतं. शॉवरचं ड्रेन हे ट्रेलरमधलं सगळ्यात खालचं तोंड, त्यामुळे टाकी काठोकाठ भरली की तुम्ही किचनमध्ये भांडी घासताय आणि ते पाणी शॉवरच्या मोरीतून वर येतंय, साबणाचा फेस आणि अन्नाचे कण तरंगत असलेलं. आमच्याकडे हे दुसऱ्याच ट्रिपला झालं, रात्री अकरा वाजता, सगळे झोपायच्या तयारीत. तेव्हा नळ ताबडतोब बंद करायचा, आणि मोरीतलं पाणी मगाने बादलीत काढायचं, दुसरा उपाय नाही. त्यानंतर आम्ही दोन सवयी लावून घेतल्या त्या आजपर्यंत आहेत. आंघोळ करताना अंग ओलं करायचं, शॉवरच्या हँडलवरचं बटण बंद करायचं, साबण लावायचा, मग परत चालू करून धुवायचं. आणि भांड्यांवरचं तेल-तूप, खरकटं आधी पेपर टॉवेलने पुसून कचऱ्यात टाकायचं, मगच भांडं सिंकमध्ये. ही दुसरी सवय पाण्यासाठी कमी आणि वासासाठी जास्त आहे, कारण ग्रे टाकीत तेल आणि अन्न साचलं की दोन गरम दिवसांत ती ब्लॅकपेक्षा वाईट वास मारते. हे आधी मलाही खरं वाटलं नव्हतं.

ग्रेचं पाणी म्हणजे नुसतं साबणाचंच पाणी, झाडांना घातलं तर काय बिघडलं, असं पुष्कळ जण विचारतात. कृपा करून करू नका. नॅशनल पार्कात ट्रेलरचं सांडपाणी ठरवून दिलेल्या जागेशिवाय कुठेही सोडणं हा फेडरल नियमाचा भंग आहे, आणि बाकी कॅम्पग्राउंडनाही बहुतेक हाच नियम असतो. आणि नियम नसता तरी, अन्नाच्या वासाने प्राणी येतात आणि तुमच्यानंतर त्याच साइटवर कोणाचं तरी लहान मूल मातीत खेळणार असतं. हूकअप, म्हणजे साइटवर ट्रेलरला पाणी-वीज-सांडपाण्याची जोडणी, नसलेल्या जागी चार दिवस राहायचं असेल तर चाकं असलेली पोर्टेबल टाकी घ्या, तिला टोट टँक म्हणतात, तिच्यात ग्रे काढायची आणि डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठरवून दिलेल्या जागी, नेऊन ओतायची, ट्रेलर जागचा हलवावा लागत नाही. घेताना आकार जपून निवडा, पाण्याचं वजन गॅलनला ८.३४ पौंड असतं, म्हणजे १५ गॅलनची भरलेली टाकी सव्वाशे पौंडांची होते आणि ती चढावर ओढणं एकट्याचं काम नाही.

आता ब्लॅक.

ब्लॅक टाकीचं सगळं गणित एका गोष्टीवर आहे, आत भरपूर पाणी पाहिजे. आपण उलटा विचार करतो, टाकी लहान आहे म्हणून फ्लशला पाणी कमी वापरायचं. तिथेच बिघडतं. घन मैला आणि कागद हे पाण्यात भिजून, विरघळून, पाण्याबरोबर वाहून जायला हवेत, पाणी कमी पडलं की ते तळाशी बसतात आणि वाळतात. आणि याहून मोठी चूक म्हणजे फुल हूकअपवर, म्हणजे जिथे साइटवरच सीवरचं तोंड असतं तिथे, नळी जोडून ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवून देणं. आम्ही हे केलं होतं. आठवडाभर व्हॉल्व्ह उघडा, आम्हाला वाटलं घरच्यासारखं आपोआप वाहून जातंय. झालं असं की पातळ सगळं निघून गेलं आणि घट्ट सगळं टॉयलेटच्या बरोबर खाली ढीग होऊन साचत राहिलं. सातव्या दिवशी फ्लशचं पेडल दाबलं तर खाली जाईना, टॉर्च मारून बघितलं तर ढिगाचं टोक जवळजवळ पाइपच्या तोंडाशी आलेलं. व्हॉल्व्ह बंद करून टाकी पाण्याने जमेल तेवढी भरली, रात्रभर भिजत ठेवली, सकाळी पाऊण तास ट्रेलर हळूहळू चालवून आणला म्हणजे आत ढवळून निघावं, मग डंप केली. असं भरून, फिरवून, सोडून तीनदा केल्यावर टाकी मोकळी झाली. पूर्ण एक दिवस गेला सुट्टीचा आणि मुलांना तोवर कॅम्पग्राउंडच्या सार्वजनिक टॉयलेटला पाठवत होतो.

तेव्हा ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद. टाकी निदान दोन तृतीयांश भरल्यावरच उघडायचा, कारण वरून पाण्याचा दाब असला तरच सगळं एका झटक्यात बाहेर पडतं. ट्रिप संपली आणि टाकी अर्धीच आहे तर आधी साधं पाणी ओतून भरा आणि मग सोडा. रिकामी केल्यावर कोरडी ठेवायची नाही, दोन-तीन गॅलन पाणी आत घालून ठेवायचं म्हणजे पुढचा पहिला वापर ओल्यावर पडतो.

कागदाचं म्हणाल तर लवकर विरघळणारा घ्या. महागडा आरव्हीचाच (आरव्ही म्हणजे अशा ट्रेलरसारखी चाकांवरची घरं) पाहिजे असं नाही, घरी काचेच्या बरणीत पाणी घ्या, दोन-तीन तुकडे टाका, झाकण लावून हलवा, तुकड्यांचा लगदा झाला तर तो कागद चालेल. ओले वाइप्स मात्र कधीही नाही, पाकिटावर फ्लशेबल लिहिलेलं असलं तरी नाही, ते व्हॉल्व्हच्या पात्यात अडकतात आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. ज्यांना कागदापेक्षा पाण्याचीच सवय आहे त्यांनी संकोच करू नका, टाकी थोडी लवकर भरेल पण आतलं सगळं पातळ राहील, टाकीच्या दृष्टीने ते चांगलंच आहे.

डंप स्टेशन हे नवीन माणसाला सगळ्यात जड जातं, मागे रांग लागलेली असते आणि लोक बघत असतात. घाई करू नका. डिस्पोजेबल ग्लोव्हज घाला. ट्रेलरच्या आउटलेटचं टोपण काढायच्या आधी दोन्ही व्हॉल्व्हची हँडल पूर्ण आत ढकललेली आहेत ना ते बघा, आणि तरीही टोपणाखाली जुनी बादली धरा, कारण व्हॉल्व्हमधून थोडं थोडं झिरपून टोपणामागे साचलेलं असतं. नळीचं एक टोक जमिनीतल्या तोंडात नीट घट्ट बसवा, दुसरं ट्रेलरला, फिरवून खटकन लॉक होईपर्यंत. नळीला सलग उतार हवा, मध्ये खोलगट भाग राहिला की तिथे साचतं. ट्रेलरकडच्या बाजूला पारदर्शक एल्बो, म्हणजे कोपरासारखा वळलेला जोड, लावा, मी नवीन माणसाला पहिली वस्तू तीच घ्यायला सांगते, पाणी कधी स्वच्छ यायला लागलं ते डोळ्यांना दिसतं. मग ब्लॅकचं हँडल एका दमात पूर्ण ओढायचं. आवाज ऐका, आधी भरभरून, मग बारीक होत जातो, थांबला असं वाटल्यावरही मिनिटभर थांबा. ट्रेलरला ब्लॅक टँक फ्लशचं कनेक्शन असेल तर ते लावून धुवून घ्या, पण त्या वेळी व्हॉल्व्ह उघडा ठेवून तिथेच उभं राहायचं, व्हॉल्व्ह बंद आणि पाणी चालू असं सोडून गेलं तर टाकी फुगून पाणी वरच्या टॉयलेटमधून आत येतं. मग ब्लॅक बंद, आणि त्यानंतर ग्रे उघडायची, साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. दोन्ही एकदम उघडू नका, ब्लॅकमधलं ग्रेमध्ये शिरू शकतं.

एक फार महत्त्वाचं. डंप स्टेशनवर जो नळ असतो तो नळी आणि जमीन धुवायला असतो, त्यावर पिण्याचं पाणी नाही अशी पाटी असते. तो नळ फ्रेश टाकीच्या आसपासही न्यायचा नाही. पिण्याच्या पाण्याची पांढरी किंवा निळी नळी वेगळी, धुण्याची वेगळ्या रंगाची, आणि दोन्ही वेगवेगळ्या डब्यात. सीवरची नळी पुष्कळ जण मागच्या पोकळ बंपरमध्ये ठेवतात ते उत्तम. निघताना फरशीवर सांडलेलं असेल ते धुवून जा, मागच्या माणसासाठी.

सेन्सरवर फार विसंबू नका. टाकीच्या भिंतीला वेगवेगळ्या उंचीवर धातूचे खिळ्यासारखे टोक बसवलेले असतात, पाणी तिथवर पोचलं की सर्किट पूर्ण होतं आणि दिवा लागतो. त्यावर कागद किंवा ओशट थर चिकटून बसला की टाकी रिकामी असतानाही दोन तृतीयांश दाखवतं. खराब झालंय समजून बदलायला जाऊ नका, दोन-तीनदा टाकी पाण्याने भरून, भिजवून, सोडून बघा. टॉयलेटच्या भोकातून टॉर्च मारून बघणं हे मला पॅनलपेक्षा जास्त खात्रीचं वाटतं.

वास आला की लगेच केमिकल ओतायची घाई नको. आधी टॉयलेटच्या बाउलमध्ये थोडं पाणी टिकतंय का बघा, टिकत नसेल तर खालच्या रबरी सीलमध्ये काहीतरी अडकलंय किंवा सील गेलंय. मग सिंक आणि शॉवरखालचे पी-ट्रॅप, म्हणजे पाइपचं ते वळण ज्यात साचलेलं पाणी वास अडवतं, ते बघा, ट्रेलर महिनाभर उभा राहिला की त्यातलं पाणी सुकतं आणि टाकीचा वास सरळ घरात येतो, प्रत्येक ड्रेनमध्ये कपभर पाणी ओतलं की पुष्कळदा प्रश्न मिटतो. छताचा पंखा चालू ठेवून टॉयलेट वापरलं तरी वास वर ओढला जातो, पंखा आधी बंद करा. केमिकल वापरायचंच तर एन्झाइमवालं घ्या, फॉर्मल्डिहाइडवालं नको. पुष्कळ कॅम्पग्राउंडचं सगळं मैलापाणी सेप्टिक टाकीत जातं, तिथलं काम जिवाणू करतात आणि फॉर्मल्डिहाइड त्या जिवाणूंनाच मारतं. कॅलिफोर्नियात तर अशी केमिकल विकायला आणि वापरायला दोन्हीला बंदी आहे.

भरलेल्या टाक्या घेऊन लांबचा प्रवास टाळा. दोन्ही मिळून ६० गॅलन म्हणजे ५०० पौंड, छोट्या ट्रेलरला हे फार होतं, दाराजवळच्या स्टिकरवर किती माल भरायची परवानगी आहे ते एकदा वाचा म्हणजे कळेल. शिवाय टाक्या चाकांच्या पुढे आहेत की मागे यावर हिचवर येणारा भार बदलतो, मागे असतील तर पुढचा भार कमी होऊन ट्रेलर हायवेवर डुलायला लागतो.

थंडीच्या राज्यात असाल तर पहिल्या हिमाआधी दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवून ठेवा आणि प्रत्येक ट्रॅपमध्ये व टॉयलेटमध्ये गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ ओता. गाडीच्या रेडिएटरचं अजिबात नाही, ते विषारी असतं.

आणि जुना ट्रेलर बघायला जाणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की दोन्ही टाक्यांमध्ये दहा-दहा गॅलन साधं पाणी घालून ठेवा. गेल्यावर आउटलेटचं टोपण काढा, खाली कोरडा पुठ्ठा ठेवा आणि बाकी ट्रेलर आतून अर्धा तास निवांत बघा. परत आल्यावर पुठ्ठ्यावर ओल दिसली तर व्हॉल्व्हचं सील गेलेलं आहे, ते बदलता येतं, पण ते किंमत ठरायच्या आधी बोला.