‘जिम्नॅशियम’ म्हणजे जिम नव्हे! युरोपात मुलांची शाळा शोधताना या चुका टाळा

मुलांना घेऊन जर्मनीला राहायला जाताय? नकाशावर घराजवळ ‘ग्युम्नाझियुम’ दिसलं तर ती शाळा आहे. व्यायामासाठी ‘फिटनेसस्टुडिओ’ शोधा.

पण ती ‘कुठलीही माध्यमिक शाळा’ समजणं ही जास्त महागात पडणारी चूक. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत). त्यानंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात. ग्युम्नाझियुम बारावी किंवा तेरावीपर्यंत चालतं आणि शेवटी ‘आबिटुर’ ही परीक्षा असते, जिच्यावर विद्यापीठाचा प्रवेश मिळतो. आपल्याकडे दहावीपर्यंत वाट बघायची सवय असते. तिथे मूल चौथीत असतानाच शिक्षकांशी बोलायला हवं. तेव्हा ग्युम्नाझियुम मिळालं नाही, तरी घाबरू नका. ‘गेझाम्टशुले’सारख्या (सगळ्या पातळ्यांची मुलं एकत्र शिकतात अशा) शाळांतूनही आबिटुरपर्यंत पोहोचता येतं.

एका देशात कळलेला अर्थ दुसऱ्या देशात गृहीत धरू नका. स्वीडनमध्ये याच नावाची शाळा साधारण सोळाव्या वर्षी सुरू होते आणि तीन वर्षं चालते. ग्रीसमध्ये ‘यिम्नासिओ’ बारा ते पंधरा वयाच्या मुलांचं, पुढे ‘लिकिओ’. पोलंडमध्ये 1999 साली आलेलं ‘गिमनाझ्यूम’ 2019 पर्यंत बंदच झालं. म्हणून प्रवेशअर्जात नुसतं शाळेचं नाव लिहू नका, कितवी ते कितवी आणि मुलाचं वय हेही लिहा.

हा घोळ मुळातच आहे. ग्रीक ‘गिम्नोस’ म्हणजे उघडा. अंगावर कपडे न ठेवता जिथे व्यायाम करायचे ते ‘गिम्नासिओन’. अथेन्समधली अकादमी आणि लायसियम ही अशीच ठिकाणं, आणि तिथेच प्लेटो आणि ॲरिस्टॉटल शिकवत. 1538 मध्ये शिक्षणतज्ज्ञ योहानेस श्टुर्म यांनी स्ट्रासबुर्गला उभारलेली शाळाही ग्युम्नाझियुमच. जर्मनीने त्यातला अभ्यास ठेवला, इंग्रजीने घाम. मला हा प्रवास फार सुंदर वाटतो.

आणखी एक. बायोडेटात बारावीपुढे ‘होखशुले’ लिहू नका. शब्दशः ‘उच्च शाळा’ असली, तरी जर्मनीत ते पदवी देणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थेला म्हणतात. वाचणाऱ्याला तुम्ही नसलेली पदवी सांगताय असं वाटेल.