लिनक्सवर अपडेटची सूचना येत नाही? या चुका टाळा

"अपडेट असतं तर मशीनने सांगितलं असतं ना!" असं कुणी म्हटलं की मी हल्ली वाद घालत बसत नाही, सरळ टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडायला सांगतो. त्याच त्या चुका इतक्या वेळा निस्तरल्या आहेत की आता एकदाच लिहून ठेवतो. विचारणाऱ्याला हेच पुढे करेन.

सूचना नाही म्हणजे अपडेट नाही, हा समज

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

अपडेटची सूचना दिसण्यामागे दोन वेगळी कामं असतात. एक, रिपॉझिटरीतून, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून येतं त्या सर्व्हरवरच्या साठ्यातून, पॅकेजांची (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) ताजी यादी उतरवणं. दुसरं, त्या यादीशी तुमच्या मशीनवरच्या आवृत्त्या ताडून तुम्हाला सांगणं. पहिलं काम अडकलं तरी दुसरं बिनबोभाट चालू राहतं. ते शिळी यादी बघतं आणि "तुमची सिस्टम अद्ययावत आहे" असं छातीठोकपणे सांगतं. खोटं बोलत नाही बिचारं, त्याला माहीतच तेवढं असतं.

एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. व्हिडिओ मीटिंगची साइट म्हणत होती, तुमचा ब्राउझर फार जुना आहे. यांचं म्हणणं, अपडेटच्या खिडकीत तर सगळं हिरवंगार. मशीनवर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. ब्राउझर उबंटूच्या रिपॉझिटरीतला नव्हता, तो बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून घेतलेला. उबंटूत पॅकेजं सांभाळणाऱ्या 'एपीटी'ची यादी ताजी करणारी कमांड, 'एपीटी अपडेट', चालवायला सांगितली. भराभर ओळी सरकल्या आणि ते म्हणाले, "झालं, काही एरर नाही." मी म्हटलं, वर सरकवा आणि 'डब्ल्यू' अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी वाचून दाखवा. तिथे सगळं लिहिलेलं होतं. यादी खरीच आहे ना हे तपासायला लागणारी त्या रिपॉझिटरीच्या सहीची किल्ली मुदतबाह्य झाली होती, सही पडताळता येत नव्हती, म्हणून यादी ताजी न करता आधीचीच वापरली. बाकी सगळ्या रिपॉझिटऱ्या नीट चालत होत्या, इतर अपडेट येत होते, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. एकटा ब्राउझर मागच्या मागे राहिला.

खरी गंमत पुढे. मशीनने आधी सांगितलं होतं! वरच्या पट्टीत लाल खूण येत होती. ती डोळ्यांत खुपते म्हणून यांनी कुठेतरी वाचून अपडेट-नोटिफायर हे सूचना दाखवणारं पॅकेजच काढून टाकलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्याच ठिकाणी दुसरा एक 'उपाय' होता: रिपॉझिटरीच्या ओळीत 'ट्रस्टेड' बरोबर 'येस' लिहा, म्हणजे किल्लीची कटकट संपते. कटकट संपते हे खरं, पण सही तपासणंच बंद होतं. असले सल्ले देणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण भाषा बिघडेल.

करायचं ते एवढंच होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांच्या अधिकृत साइटवरून नवी किल्ली आणली, कीरिंगच्या (किल्ल्यांच्या) फोल्डरमध्ये ठेवली आणि रिपॉझिटरीच्या फाइलमध्ये 'साइन्ड-बाय' ला त्या किल्लीचा पत्ता दिला. जुन्या 'एपीटी-की' कमांडच्या वाटेला जाऊ नका, ती कधीच बाद ठरवली आहे. मग नोटिफायर परत बसवला.

आणखी एक मेख. अशी अर्धवट यादी उतरली तरी 'एपीटी अपडेट' बाहेर पडताना बहुधा यशाचाच कोड देतं, म्हणजे शून्य. तुम्ही हौसेने स्क्रिप्ट लिहून "शून्य आलं तर सगळं ठीक" असं ठरवलं असेल तर तीही फसते. नव्या आवृत्त्यांत 'एरर-ऑन' पर्यायाला 'एनी' दिलं की अशा वेळी कमांड नापास होते. ते वापरा.

माझी सवय साधी आहे. आठवड्यातून एकदा 'एपीटी अपडेट' हाताने चालवतो आणि शेवटचा परिच्छेद वाचतो. चाळत नाही, वाचतो. बाहेरच्या रिपॉझिटऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ठेवतो. कुणी "अमुक सॉफ्टवेअरसाठी हा पीपीए टाका" (म्हणजे कुणीतरी वेगळी चालवलेली रिपॉझिटरी) म्हटलं की आधी विचारतो, मुख्य रिपॉझिटरीत ते खरंच नाही का? आवृत्ती बदलताना उबंटू बाहेरच्या रिपॉझिटऱ्या बंद करून टाकतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. त्या परत चालू केल्या नाहीत की पुन्हा तीच शांतता.

"ऑटोमॅटिक चालू आहे, मला काय त्याचं"

उबंटूत अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट बसवणारं पॅकेज) डीफॉल्टने मुख्यतः सुरक्षेचे अपडेट बसवतं. तुमचा पीपीए, तुमचा बाहेरचा ब्राउझर त्याच्या हद्दीत येत नाही, तुम्ही मुद्दाम घातल्याशिवाय.

कुलूप तोडणं

दुसरी लाडकी चूक. ही उतावळ्या नवशिक्यांची खास. सूचना आली, उत्साहात टर्मिनल उघडलं, 'एपीटी अपग्रेड' मारलं आणि समोर आलं की डीपीकेजीचं (एपीटीच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेजं बसवणाऱ्या साधनाचं) कुलूप अमुक प्रोसेसने धरलंय. बहुतेक वेळा प्रोसेसचं नावही तिथेच दिलेलं असतं: अनअटेंडेड-अपग्रेड्स. म्हणजे तुम्हाला जे करायचं आहे तेच मशीन पाठीमागे करतंय. पाच-दहा मिनिटं थांबलं तर काम आयतं होणार. पण नाही. शोधलं, पहिलं उत्तर सापडलं: लॉक फाइल डिलीट करा. केली.

ते कुलूप म्हणजे नुसती फाइल नव्हे. प्रोसेसने फाइल उघडून कर्नलकडून (सिस्टमच्या गाभ्याकडून) तिच्यावर हक्क घेतलेला असतो. तुम्ही फाइल उडवली तरी पहिली प्रोसेस चालूच राहते. तुमची कमांड त्याच नावाची नवी फाइल बनवते, तिच्यावर वेगळं कुलूप लावते, आणि आता दोघंही एकाच डेटाबेसमध्ये लिहायला लागतात. मी पाहिलेल्या एका मशीनवर नेमका त्या वेळी कर्नल बदलत होता. मशीन सुरू होताना लागणारी इनिटरॅमएफएस फाइल अर्धवट बनली, आणि पुढच्या वेळी मशीन सुरूच होईना. ग्रबच्या (मशीन सुरू होतानाच्या मेनूच्या) 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुन्या कर्नलवर मशीन उठवलं, मग 'डीपीकेजी' ला 'कॉन्फिगर' आणि 'ए' देऊन अडकलेली पॅकेजं पूर्ण केली, मग 'एपीटी' ला तुटलेल्या अवलंबित पॅकेजांची दुरुस्ती करायला लावली. संध्याकाळ गेली. वाचवली होती पाच मिनिटं.

थांबा. अर्ध्या तासाने कुलूप तसंच असेल तर ती प्रोसेस खरंच काही करतेय का ते एपीटीच्या लॉगमध्ये बघा. लॉग पुढे सरकत असेल तर हात लावू नका.

सूचना उशिरा येते म्हणून ओरडणं

उबंटूत यादी ताजी करायला एपीटी-डेली नावाचा टायमर असतो. त्याच्या वेळा सकाळी ६ आणि संध्याकाळी ६, आणि त्यावर १२ तासांपर्यंतचा मुद्दाम ठेवलेला उशीर, कारण सगळी मशीन एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत. शिवाय डीफॉल्टने सुरक्षेचे अपडेट लगेच दाखवतात, बाकीचे आठवड्याने. 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' मधल्या 'अपडेट्स' टॅबमध्ये हे बदलता येतं. मी बदलत नाही. रोज एक खिडकी उघडायला लागली की चौथ्या दिवशी माणूस न वाचता बंद करायला शिकतो.

यादीत दिसतंय पण बसत नाही, "फेझिंगमुळे लांबणीवर" असं लिहून येतंय? ते बिघडलेलं नाही. उबंटू काही अपडेट आधी थोड्या मशीनना देतं आणि तक्रारी आल्या नाहीत तर हळूहळू सगळ्यांना. २१.०४ पासून 'एपीटी' हे पाळतं. जबरदस्तीने पॅकेजचं नाव देऊन बसवणाऱ्यांनी इतरांसाठी चाचणी करायची फुकट नोकरी पत्करली आहे, एवढं लक्षात ठेवावं.

घरगुती स्क्रिप्ट

रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत, सूचना दाखवणारं 'नोटिफाय-सेंड' टाकलं आणि काही दिसत नाही, हे गाऱ्हाणं नेहमीचं. डेस्कटॉपवरची सूचना तुमच्या सेशनच्या डी-बसवरून (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या वाटेवरून) जाते. रूटच्या क्रॉनला त्या बसचा पत्ता ठाऊक नसतो. पत्ता हाताने चिकटवायच्या युक्त्या आहेत, पण मी सिस्टमडीचा (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचा) यूजर टायमर, म्हणजे माझ्याच खात्यातून चालणारा टायमर, लावतो आणि त्यात 'पर्सिस्टंट' चालू ठेवतो. लॅपटॉप ठरल्या वेळी बंद असला तर नंतर उघडल्यावर हुकलेली फेरी तो चालवतो.

फेडोरावाल्यांसाठी (हा लिनक्सचा दुसरा प्रकार) वेगळा खड्डा: तिथलं 'डीएनएफ चेक-अपडेट' अपडेट असतील तर १०० हा कोड देतं, नसतील तर शून्य. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ई' (शून्याखेरीज कोड आला की थांब) असेल तर ती नेमकी अपडेट असतील तेव्हाच मरते. नसतील तेव्हा छान चालते! हे शोधायला लोकांना भलताच वेळ लागतो.

आणि आर्च हा लिनक्सचा तिसरा प्रकार वापरणारे. पट्टीत आकडा दाखवायचा म्हणून टायमरमध्ये 'पॅकमन'ला (तिथल्या पॅकेज कमांडला) मोठा एस, छोटा वाय देऊन यादी ताजी करत बसू नका. मग कधीतरी एखादंच पॅकेज बसवाल, ते नव्या यादीतल्या लायब्ररींच्या भरवशावर येईल आणि बाकी सिस्टम जुनीच असेल. असं अर्धवट अपग्रेड आर्चला मुळातच मान्य नाही. 'पॅकमन-कॉन्ट्रिब' मधलं 'चेकअपडेट्स' वापरा. ते यादीच्या वेगळ्या प्रतीवर काम करतं, खऱ्या डेटाबेसला शिवत नाही आणि त्याला रूटही लागत नाही.

उरलेलं, पटापट

'एपीटी'च्या यादीत फायरफॉक्स का दिसत नाही? उबंटूत २२.०४ पासून तो स्नॅप म्हणूनच, म्हणजे एपीटीबाहेरच्या वेगळ्या पॅकेज प्रकारात, येतो, आणि स्नॅप दिवसातून चार वेळा स्वतःहून तपासणी करतं. "अॅप बंद करा" अशी त्याची सूचना आली तर बंद करा. फ्लॅटपॅक या आणखी एका पॅकेज प्रकाराचा हिशोब पुन्हा वेगळा, 'फ्लॅटपॅक अपडेट' चालवा.

'डू नॉट डिस्टर्ब' चालू आहे का ते आधी बघा. हसू नका.

फोनचं हॉटस्पॉट वापरता? ते कनेक्शन 'मीटर्ड' (डेटा मोजून मिळणारं) धरलं गेलं तर ग्नोम सॉफ्टवेअर आपोआप काही उतरवत नाही.

"रिलीज फाइल अजून वैध नाही" असा मजकूर आला तर मशीनचं घड्याळ मागे आहे.

कर्नल बदलून रीस्टार्ट न करणाऱ्यांचा अपडेट डिस्कवर असतो, मेमरीत नाही.

अजिबात काहीच येत नसेल, कितीतरी दिवसांत एकही अपडेट नसेल, तर आवृत्तीची मुदत बघा. उबंटूच्या मधल्या आवृत्त्यांना ९ महिने मिळतात, एलटीएसला (दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला) ५ वर्षं, फेडोराला साधारण १३ महिने. मुदत संपलेल्या उबंटूची रिपॉझिटरी कालांतराने 'ओल्ड-रिलीजेस' नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात आणि मग 'एपीटी अपडेट' मध्ये ४०४ (त्या पत्त्यावर काही सापडलं नाही) दिसायला लागतं. तिथला पत्ता घालून ४०४ घालवता येतो, पण नवे अपडेट तिथेही नसतात. अशा वेळी डेटाचा बॅकअप घ्या आणि आवृत्ती बदला, नोटिफायरशी झटापट करू नका.