फुलकियां घराण्याची वंशावळ मांडायची कशी

पतियाळा, नाभा आणि जींद ही तिन्ही शीख संस्थानं एकाच फुलकियां घराण्याची. कुळवृत्तांत जुळवण्यात माझा निम्मा वेळ जातो, म्हणून आधीच सांगतो: पतियाळ्यापासून सुरुवात करू नका. संस्थान सगळ्यात मोठं, पण पाती धाकटी.

कागद आडवा धरा. वर मध्यभागी घराण्याचा मूळपुरुष चौधरी फूल, सिद्धू जाट. कुळ मागे जैसलमेरच्या भाटींपर्यंत नेतात. तिथे तुटक रेघ पुरे. खाली थोरला तिलोका, धाकटा रामा. गुरू गोविंदसिंहांनी १६९६ साली घोडेस्वार घेऊन या म्हणून हुकूमनामा धाडला तो या दोघांच्या नावे. तिलोकाच्या गुरदित्त्याकडून नाभा, सुखचैनकडून जींद. रामाच्या आलासिंहाकडून पतियाळा. भदौडचे सरदारही रामाचेच, पण त्यांचं नुसतं नाव टाका.

आता दोन पेनं घ्या, रक्ताला निळं आणि गादीला लाल. खरी गंमत इथे आहे. १८३४ साली जींदचा संगतसिंह निपुत्रिक वारला. लाल रेघ खाली जायला हवी, पण निळी तिथेच संपते. मग वर चढा, थेट सुखचैनच्या मुलापर्यंत, गजपतसिंहापर्यंत. त्याच्या भागसिंहाचा नातू हा संगतसिंह. दुसऱ्या मुलाचा, भूपसिंहाचा नातू म्हणजे बाजीदपूरचा सरूपसिंह. जींदची गादी त्याला मिळाली. १८७१ मध्ये नाभ्याचा भगवानसिंहही तसाच गेला, आणि तिथे बसला बडरुखांचा हीरासिंह. तोही भूपसिंहाच्याच वंशातला! म्हणजे पुढच्या नाभ्याची निळी रेघ जींदच्या खान्यातून ओढावी लागते.

हीरासिंहाचं हे जमलं ते १८६० च्या सनदेमुळे. वारस नसेल तर फुलकियांतूनच घ्यायची मुभा इंग्रजांनी दिली, १८५७ मध्ये केलेल्या मदतीचं इनाम म्हणून. साताऱ्याचं दत्तकविधान १८४८ मध्ये नाकारलं गेलं होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. लाल पेन १९४८ ला थांबवा. त्या साली तिन्ही संस्थानं पेप्सूत, म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबच्या संस्थानांच्या संघात गेली.

मुली गाळू नका, आपल्या जुन्या कुळवृत्तांतांची ती खोड इथे महागात पडते. गजपतसिंहाची राजकौर ही महाराजा रणजितसिंहांची आई. आणि पतियाळ्याच्या साहिबसिंहाची बहीण साहिबकौर हिने १७९४ मध्ये अंबाल्याजवळ मर्दानपूरला मराठ्यांच्या फौजेशी झुंज दिली. साहिबसिंहाच्या शेजारी तिचा चौकोन त्याच्याएवढाच काढा.